हार घातलेला माझा फोटो

टीव्हीवरच्या मालिकेत मी आजोबा होतो. मालिकेतले सगळे मला आबा म्हणत, आणि बाजारात गेलो तर भाजीवालीही आबाच म्हणायची. मग आबा मेले. त्यांच्या फोटोला चंदनाचा हार घालून तो दिवाणखान्याच्या भिंतीवर लावला गेला, आणि मालिका पुढे चालू राहिली. मीही पुढे चालू राहिलो. आता नेदरलँड्समध्ये, रॉटरडॅमला चिकटून असलेल्या कापेल आन डेन आयसेल या गावात मुलाकडे राहतो. हे मी स्वतः लिहितो आहे. शाळा माझी चौथीपर्यंत. जोडाक्षरं चुकली तर चुकली, कुणाकडून तपासून घेणार नाही.

आधी कामाचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच आलं. सुरुवात नाटक कंपनीत. ट्रकमधून सेट उतरवायचा, पडदा ओढायचा, मधल्या वेळात नटांना चहा द्यायचा. एकदा हवालदाराचं काम करणारा तापाने आडवा झाला. त्याची टोपी माझ्या डोक्यावर बसली म्हणून मला उभं केलं. वाक्य एकच होतं, पण ते मी असं ठणकावलं की ती टोपी पुढे त्याला परत मिळाली नाही. आमच्या जिल्ह्याच्या रेडिओ केंद्रातले एक साहेब त्या प्रयोगाला होते. त्यांनी मला शेतकऱ्यांच्या संध्याकाळच्या कार्यक्रमात घेतलं. तिघे जण बसून गप्पा मारतात, त्यातून लोकांना खताची, किडीची माहिती होते, असा तो कार्यक्रम. एक शहाणा, एक तरुण, आणि एक हट्टी म्हातारा, ज्याला कुठलंच नवं बियाणं पटत नाही. मिशी धड फुटली नव्हती, तरी म्हातारा मीच. माझा आवाज जन्मापासून म्हातारा आहे.

त्या आवाजावर माझं लग्न ठरलं. बायकोच्या माहेरी रेडिओ होता. तिच्या वडिलांनी सांगितलं की रेडिओवर खतावरून भांडतो ना, त्याचं स्थळ आलंय. पोरगी जेवली नाही दोन वेळा. एवढ्या म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधताय, म्हणाली. बघायला गेलो तेव्हा ती मान खाली घालून बसलेली. मी पाणी मागितलं. आवाज ओळखून तिने वर बघितलं, इकडे तिकडे शोधलं, आणि मग माझ्याकडे बघून तिला जे हसू फुटलं ते तिच्या आईलाही आवरेना. ते हसू मी आयुष्यभर बघत आलो.

ती सातवी शिकलेली. रेडिओवर कागद समोर धरून बोलायचं असतं, आणि माझं वाचन बैलगाडीसारखं. तेव्हा आदल्या दिवशी कागद घरी आणायचा, ती भाकऱ्या थापता थापता तो मोठ्याने वाचायची, शहाणा आणि तरुण दोघांचीही बोलणी करायची, आणि मी म्हाताऱ्याचं उत्तर द्यायचो. स्टुडिओत कागद मी नुसता हातात धरायचो. साहेबांना वाटायचं, काय वाचतो हा माणूस. हे असंच सगळीकडे चाललं. जीपवर भोंगा बांधून सर्कशीची जाहिरात केली, तेव्हा ती तिने पाठ करून घेतली. सांधेदुखीच्या मलमाची जाहिरात केली, दोन सिनेमांत कंडक्टर झालो, एकात मास्तर झालो. चौथी पास माणूस मास्तर, यावर ती आठवडाभर हसली. पुढे मुंबईला मालिका मिळाली. तिथे कागद शूटिंगच्या दिवशी सकाळी मोबाईलवर यायचे, तेव्हाही वाचायची तीच.

मालिका काही वर्षं चालली. मग एक दिवस प्रसंग आला की घर वाचवण्यासाठी आबा त्या घर बळकावणाऱ्या जावयाच्या पाया पडतात. मी म्हणालो, आबा असं करणार नाहीत. लिहिणारा पोरगा म्हणाला, काका, आबा आमचे आहेत, तुमचे नाहीत. मी धोतर सोडून पँट चढवली आणि घरी आलो. त्याचं मला तेव्हाही काही वाटलं नाही, आजही वाटत नाही. त्यांनी आबांना तीर्थयात्रेत मारलं, फोनवर बातमी आली असं दाखवलं, म्हणजे माझी गरजच नको.

जिवंत नटाच्या फोटोला हार घालायचा तर सेटवर एक रीत आहे. सेट लावणारे जुने लोक आधी विचारतात, नारळ फोडतात, आणि फोटोच्या पाठीमागे कुंकवाचं बोट लावतात. म्हणजे पुढचा हार खोटा. त्यांनी मला फोन करून विचारलं, मी घाला म्हणालो. बायकोने मात्र त्या दिवशी मीठमोहऱ्यांनी माझी दृष्ट काढली आणि घरात ते चॅनेल पुन्हा लागलं नाही. तो फोटो तिने तेव्हा पाहिला नाही. पाहणार नाही म्हणाली होती.

पुढे मुलाने वकील आणि अर्ज करून आम्हा दोघांना इथे आणलं, कारण तिला विसरायला होऊ लागलं होतं आणि मी एकटा तिला सांभाळू शकणार नाही असं त्याला वाटलं. इथेही माझं काम सुटलं नाही. इथली मराठी मुलं, सगळी चिप बनवणाऱ्या कंपन्यांतली, रविवारी इंटरनेटवर रेडिओ चालवायची. मला बोलावलं. काका, जरा प्रमाण भाषेत बोला, म्हणाले. मी म्हणालो, मग ज्याच्याकडे ती आहे त्याला बोलवा. माझं रेडिओवरचं शेवटचं वाक्य ते.

बायकोचं विसरणं वाढत गेलं. आधी भाजीत मीठ दोनदा पडायचं, मग घर आठवेना, मग देश. हाऊसआर्ट्स, म्हणजे इथला घरचा डॉक्टर, म्हणाला की तिच्या कानावर तिची भाषा पडू द्या. सूनबाईने टीव्हीवर ती जुनी मालिका लावून दिली. पहिल्यापासून, एकामागून एक आपोआप लागत राहते ती. बायको खुश. आबा दिसले की माझ्याकडे बघायची, पुन्हा टीव्हीकडे बघायची. तुम्ही तिकडे पण आणि इकडे पण, म्हणायची. आबांची वाक्यं आबांच्या आधी बोलायची. मला वाटलं, झालं, औषध सापडलं. नात तिच्याशी डचमध्ये बोलायची, ही मराठीत उत्तर द्यायची, दोघींचं छान चालायचं.

एका दुपारी मी कोथिंबीर आणायला तुर्की दुकानात गेलो. मुलगा आणि सून ऑफिसला, नात शाळेत. परत आलो तर आबांच्या मरणाचा भाग संपून टीव्हीवर जाहिरात चालू होती. बायको सोफ्यावर बसलेली. कपाळ पुसलेलं. हिरव्या बांगड्या काढून मांडीवर ठेवलेल्या, मंगळसूत्र त्यांच्यावर. तिने माझ्याकडे बघितलं, उठायला लागली आणि पुन्हा बसली.

"या काका. हे गेले हो," ती म्हणाली. "लांबून आलात तुम्ही. पण चहा नाही करता येणार, घरात सुतक आहे."

माझ्या हातातली कोथिंबिरीची जुडी तशीच राहिली. मी दाराशी बूट घालून उभा होतो, आणि बायको मला समाचाराला आलेला पाहुणा समजून धीर देत होती. म्हणाली, फार हाल नाही झाले त्यांचे, वाटेत गेले, देवाच्या वाटेत.

मी तिच्यापुढे बसून सांगितलं की मी आहे, बघ. हात लाव. तिने हात मागे घेतला. मी पासपोर्ट आणला. तिने तो उलटसुलट केला, फोटोवर बोट फिरवलं, म्हणाली, जपून ठेवलात तुम्ही, बरं केलंत. मालिकेतला आधीचा भाग लावून दाखवला. ती रडायला लागली. संध्याकाळी मुलगा आला, आई, बाबा इथेच आहेत, म्हणाला. तिने त्याला जवळ ओढलं आणि डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, तुला सांगवत नव्हतं ना रे कुणाला. मुलगा उठून स्वयंपाकघरात गेला. तिथे बराच वेळ नळ चालू होता.

मला वाटलं, उद्या विसरेल. बाकी सगळं विसरत होती, मीठ विसरली, मुंबई विसरली. हे एवढं मात्र विसरली नाही.

तेव्हापासून मी काका. रात्री नातीच्या खोलीत गादी टाकून झोपतो, कारण बायकोच्या खोलीत परका पुरुष चालत नाही. काका जेवले का, असं सुनेला विचारते. माझ्या देखत विचारते. पन्नास वर्षं जिने मला 'अहो' म्हटलं, तिच्या तोंडून तो शब्द कुणासाठी निघेना.

खरी पंचाईत आंघोळीची. तिला हात धरून न्यावं लागतं, बसवावं लागतं, कपडे बदलावे लागतात. आधी हे मी करायचो. आता मला हात लावू देईना. नगरपालिकेच्या मदतीने एक डच बाई सकाळी यायची, चांगली होती बिचारी. तिला हिने ढकललं. सूनबाईने सुट्टी घेतली, ती संपली, मग घरून काम सुरू केलं, तेही ऑफिसला फार दिवस चालणार नव्हतं. ती दमली, बोलली नाही कधी, पण दमली. बायकोच्या अंगाला वास यायला लागला. केसांत गुंता. ज्या बाईने आयुष्यात वेणी न घालता उंबरा ओलांडला नाही, तिचे केस असे.

एका रविवारी मुलाने विषय काढला. अशा माणसांसाठी घरं असतात, चांगली असतात, एक नायमेखन शहराजवळ पाहिलं आहे, आपली एक मैत्रीण तिथे काम करते. मी विचारलं, तिथे मराठी कोण बोलतं. मी म्हणालो, माझ्या जिवंतपणी ती तिथे जाणार नाही.

"बाबा," तो म्हणाला, "तिच्या लेखी तुम्ही जिवंत नाही. तोच तर प्रश्न आहे."

असं बोलल्याबद्दल मी त्याच्याशी आठवडाभर बोललो नाही. पण बोलला ते खरंच होतं. एक बाई येते तपासणीला, विसरणाऱ्या माणसांच्या घरी जाते. तिने मुलाकडून मला सांगितलं की वाद घालू नका, तिच्या जगात शिरा, ती म्हणते ते माना. मी म्हणालो, त्यांना सांग, जिवंत माणसाने स्वतःच्या सुतकात बसायची रीत आमच्याकडे नाही. मुलाने याचं डचमध्ये काय केलं कुणास ठाऊक. बाईने मान हलवली आणि कॉफी संपवली.

नायमेखनचं घर एक महिना जागा धरून ठेवणार होतं. तेवढ्यात हिने कुणाला तरी हात लावू दिला तर ठीक, नाहीतर जायचं, असं ठरलं. म्हणजे मुलाने ठरवलं. मी नाही म्हणण्याखेरीज काही केलं नाही.

मग एकदा काय झालं, मी वरच्या मजल्यावर नातीच्या खोलीत गावाकडच्या भावाशी फोनवर बोलत होतो. त्याला कमी ऐकू येतं, त्यामुळे मी ओरडूनच बोलतो. खाली सूनबाई लॅपटॉप घेऊन बसलेली. ती धावत वर आली आणि हातानेच म्हणाली, बोलत राहा, थांबू नका. खाली बायको जिन्याला धरून उभी होती, वर बघत, आणि सुनेला विचारत होती, हे बोलतायत ना गं, कुठून बोलतायत.

मी फोन टाकून खाली आलो. आलो कसला, धडपडलो. मला बघून तिचा चेहरा उतरला.

"काका, वर हे आहेत का हो?" तिने विचारलं.

तेव्हा मला कळलं. चेहरा माझा मेला होता, आवाज मेला नव्हता. समोर दिसलो की मात्र आवाजही माझा राहत नव्हता.

सूनबाईने जुना मोबाईल तिच्या हातात दिला. मी वर जाऊन दार लावून फोन केला. हॅलो म्हणालो. पलीकडून श्वास ऐकू आला, मग ती म्हणाली, अहो. एवढंच.

कुठे आहात, म्हणाली. मी म्हणालो, रेकॉर्डिंगला आलोय, लांबलंय. जेवलात का, म्हणाली. जेवलो. इथे सगळे म्हणतात तुम्ही गेलात. मी सांगितलं, मालिकेतला म्हातारा गेला, मी आहे.

"मग कुंकू लावू मी?"

"लाव."

मी खाली आलो तेव्हा सूनबाई तिच्या हातात बांगड्या भरत होती आणि दोघी रडत होत्या. बायकोने मला लांबूनच हात करून बोलावलं. काका, ह्यांचा फोन आला होता, म्हणाली, आहेत ते, बरे आहेत. तिचा आनंद मावत नव्हता, आणि तो आनंद तिने माझ्याबरोबर वाटून घेतला, जसा शेजाऱ्याबरोबर घेतात.

मी हट्ट सोडणारा माणूस नाही. दुसऱ्या दिवशी ठरवलं, फोनवर बोलत बोलत जिना उतरायचा. आवाज हळूहळू जवळ आणायचा, तो समोर आला की तोंडाशी जुळेल. तसं केलं. तिच्याशी बोलत एकेक पायरी उतरलो. ती हसत होती. दार ढकललं, तिच्यासमोर उभा राहिलो आणि फोन कानाचा काढून त्याच आवाजात म्हणालो, आलो बघ मी.

तिने मोबाईल छातीशी धरला. आधी घाबरली, मग तिला राग आला.

"माझ्या नवऱ्याची नक्कल करू नका," ती म्हणाली. "आणि करायचीच तर नीट शिका. त्यांच्या आवाजाला वजन आहे. तुम्हाला नाही जमत."

मला आयुष्यात पुष्कळ लोक पुष्कळ बोलले. नाटकात अंडी बसली आहेत, एका दिग्दर्शकाने सेटभर ऐकू जाईल असं दगड म्हटलं आहे. मी सगळ्यांना उत्तर दिलं. हिला म्हणालो, चुकलं, पुन्हा नाही करणार. आणि मागच्या दाराने बाहेर जाऊन कालव्याच्या काठी बसलो. बदकं होती, दुसरं कुणी नव्हतं.

पुढे रोज फोन व्हायचा. ती मला घरातलं सगळं सांगायची. सून चांगली आहे, नात कुठल्या भाषेत बोलते कळत नाही पण गोड आहे. आंघोळीला मात्र अजून कुणालाच हात लावू देत नव्हती, आणि नायमेखनची मुदत संपत आली होती. मुलाने बॅग वर काढून ठेवली होती, मी पाहिली होती.

त्या शेवटच्या आठवड्यात फोनवर तिने आवाज खाली केला. घरात कुणी ऐकेल म्हणून.

"अहो, ते काका आहेत ना इथे," ती म्हणाली, "ते मला आंघोळीला चल म्हणतात. हात धरतात. परका माणूस, मी कशी जाऊ?"

मी वर खाटेवर बसलो होतो. खिडकीतून समोरच्या घरांच्या सारख्या विटा दिसत होत्या. मला ठाऊक होतं काय म्हणायचं आहे. ते म्हटलं की झालं, मग मी खालच्या खोलीत कायमचा काका. नवरा फक्त फोनवर. जावयाच्या पाया पडायला मी नाही म्हणालो होतो, पण ते खोटं घर होतं. पलीकडून ती घाबरून अहो, अहो म्हणू लागली.

"परके नाहीत ते," मी म्हणालो. "मीच ठेवलंय त्यांना तुझ्यासाठी. ते म्हणतील तसं कर."

"चांगले आहेत का?"

"हट्टी आहेत. पण तुला जपतील."

"तुम्ही सांगता म्हणून," ती म्हणाली.

मी फोन ठेवला. तोंड धुतलं. खाली गेलो तर ती उभीच होती, टॉवेल हातात घेऊन. ह्यांनी सांगितलंय तुमचं ऐकायला, म्हणाली, पाणी गरम आहे का बघा. सूनबाईने लॅपटॉपवरून मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

बाथरूममध्ये स्टूलवर तिला बसवलं. तिने डोळे मिटून घेतले, हात छातीशी बांधले. मी पाठीवर पाणी घातलं. केस भिजवून गुंता सोडवायला घेतला, टोकाकडून, थोडा थोडा, ती पूर्वी स्वतः सोडवायची तसा. दुखलं तरी बोलली नाही. परक्या माणसापुढे बाई जशी अंग चोरून बसते तशी बसली होती. मी मान वळवून, नजर भिंतीच्या फरशीवर ठेवून, हातानेच अंदाज घेत साबण लावला. तिच्या अंगावरची प्रत्येक खूण मला पाठ होती, आणि मला ती माहीत नसल्यासारखं वागायचं होतं.

थोड्या वेळाने तिचे खांदे जरा सैल झाले.

"काका, तुमची बायको कुठे असते?" डोळे मिटलेलेच ठेवून तिने विचारलं.

"इथेच असते."

"मग तिला सोडून आमच्याकडे किती राबता. घरी जात जा हो. वाट बघत असेल ती."

मी जातो म्हणालो, आणि तिच्या डोळ्यांत साबण जाऊ नये म्हणून कपाळावर हात आडवा धरून पाणी घातलं.